जळल्यावर जे उरले

सचित्र वारसाग्रंथ म्हणजे दिवाणखान्याची शोभा नव्हे, तो पुरावा असतो. रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या बहुतेक नकला १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनी १८७२पासून नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५मध्ये लंडनलाच जळाल्या. १८९६-९७मध्ये निघालेले ग्रिफिथ्स यांचे दोन खंड मात्र टिकले. नकलेत नकलाकाराचा हात मिसळतो, हा आक्षेप खरा आहे. नकलांसाठी मूळ चित्रांवर वॉर्निश फासले गेले, ही चूक तर त्याहून गंभीर. पण आजचे छायाचित्र आजचीच भिंत दाखवते. तेव्हा शाबूत असलेला आणि नंतर झडलेला रंग शोधायचा, तर हीच पाने उघडावी लागतात.