पाच सेकंद उरले असताना...

रॉकेटला मराठीत ‘अग्निबाण’ म्हणतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण ‘अग्निबाण’ हे एका विशिष्ट रॉकेटचे नावही आहे. चेन्नईच्या ‘अग्निकुल कॉसमॉस’ या खासगी कंपनीने ते बनवले. ही कंपनी २०१७ साली स्थापन झाली आणि आयआयटी मद्रासच्या आधाराने वाढली. तिने पहिल्या चाचणीसाठी जे रॉकेट उभे केले, त्याची लांबी होती अवघी ६.२ मीटर आणि वस्तुमान सुमारे ५७५ किलोग्रॅम.

श्रीहरिकोटा येथे कंपनीने स्वतःचा प्रक्षेपण-तळ उभारला आहे. त्याचे नाव ‘धनुष’. या धनुष्यावरून बाण सुटण्याची वाट पाहणाऱ्यांची मात्र चांगलीच कसोटी लागली. मार्च ते मे २०२४ या काळात ठरलेले उड्डाण चार वेळा रद्द करावे लागले. २८ मे रोजी तर अवघे ५ सेकंद उरले असताना उलटी मोजणी थांबली. इंजिन पेटवणाऱ्या प्रज्वलकाचे काम पुन्हा तपासायचे होते.

इतके जवळ येऊन थांबायचे कशासाठी? चला, थोडे गणित करू.

वजन आणि रेटा

५७५ ला ९.८ ने गुणा. रॉकेटचे वजन सुमारे ५,६३५ न्यूटन येते. इंजिनाचा रेटा होता सुमारे ६,२०० न्यूटन. म्हणजे रॉकेटला वर उचलायला शिल्लक राहिले फक्त ५६५ न्यूटन! या बलाला ५७५ ने भागले की त्वरण मिळते : जेमतेम १ मीटर प्रति सेकंद वर्ग. याचा अर्थ असा, की पहिल्या सेकंदात रॉकेट फक्त अर्धा मीटर वर चढणार.

आता समजा, इंजिनाचा रेटा १० टक्क्यांनी कमी पडला. ६,२०० चे ५,५८० झाले. हे वजनापेक्षाही कमी! रॉकेट जागचे हलणारच नाही. इंजिन नीट पेटण्याला केवढे महत्त्व आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आधी ज्योत, मग इंधन

या इंजिनात रॉकेलच्या जातीचे विमानाचे इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन वापरतात. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो त्याहून थंड ठेवावा लागतो. दोन द्रवांपैकी एकच असा अतिशीत असल्याने अशा इंजिनाला ‘अर्ध-निम्नतापी’ म्हणतात. हे इंजिन त्रिमिती छपाईच्या तंत्राने एकसंध बनवलेले होते.

गॅसची शेगडी पेटवताना आधी काडी ओढावी आणि मग गॅस सोडावा, असे घरची मोठी माणसे बजावतात. उशीर झाला तर साचलेला गॅस एकदम भडकतो. येथेही तोच धोका असतो. प्रज्वलकाची ज्योत वेळेवर तयार नसेल, तर इंधन व ऑक्सिजन ज्वलनकक्षात साचतात आणि मग स्फोट होतो. म्हणून प्रज्वलकाविषयी किंचित शंका आली तरी थांबणेच शहाणपणाचे.

थांबण्याची सोय

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘स्कायरूट’ या कंपनीचे ‘विक्रम-एस’ हे भारतातील पहिले खासगी रॉकेट उडाले आणि सुमारे ८९.५ किलोमीटर उंचीवर पोहोचले. त्यात घन इंधन होते. घन इंधन दिवाळीतल्या बाणासारखे असते. एकदा पेटले की विझवता येत नाही. द्रव इंधनाच्या इंजिनात मात्र झडपा असतात. त्या बंद केल्या की ज्वलन थांबते. झडपा, नळ्या आणि संवेदक वाढल्यामुळे बिघडण्याच्या जागाही वाढतात. पण बिघाड वेळीच दिसतो आणि रॉकेट वाचते.

‘अग्निबाण’ असेच वाचले. ३० मे २०२४ रोजी सकाळी सव्वासात वाजता ते धनुषवरून झेपावले आणि उड्डाण पूर्ण करून बंगालच्या उपसागरात पडले. अर्ध-निम्नतापी इंजिनाचे भारतभूमीवरून झालेले हे पहिलेच उड्डाण!

जाता जाता तुमच्यासाठी एक गणित. इंधन जळत जाते तसे रॉकेट हलके होते. समजा, वस्तुमान ४०० किलोग्रॅम उरले आणि रेटा तेवढाच राहिला, तर त्वरण किती होईल? हवेचा विरोध सोडून द्या. उत्तर काढा आणि सुरुवातीच्या त्वरणाशी ताडून पाहा. मंदपणे निघालेला बाण पुढे वेग कसा घेतो, ते तुम्हांला आपोआप कळेल.