खंडांतून साकारणारे चरित्र : ‘थर्टी टू शॉर्ट फिल्म्स अबाउट ग्लेन गूल्ड’

चरित्रपट हा प्रकार सामान्यतः कालानुक्रमी कथनाचा आधार घेतो. बालपणीची चुणूक, संघर्ष, कीर्ती आणि अखेर अशी त्याची वाट ठरलेली असते. संगीतकाराच्या बाबतीत ही वाट अपुरी पडते. कारण आयुष्यातील घटना सांगता येतात, त्याचे संगीत मात्र ‘सांगता’ येत नाही. या पेचाला एक वेगळे उत्तर फ्रान्स्वा जिरार या कॅनडातील दिग्दर्शकाने १९९३ मध्ये दिले. त्याच्या चित्रपटाचे शीर्षकच कथनपद्धती घोषित करते : ग्लेन गूल्डविषयी बत्तीस लघुपट.

टोरांटो येथे १९३२ साली जन्मलेला पियानोवादक गूल्ड १९५५ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’मुळे जगप्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये, ऐन कीर्तीच्या काळात, त्याने जाहीर मैफिली कायमच्या सोडल्या. पुढे १९८२ मधील मृत्यूपर्यंत ध्वनिमुद्रण आणि नभोवाणी ही त्याची प्रमुख माध्यमे राहिली.

बत्तीस ही संख्या बाखच्या त्याच रचनेतून येते. १७४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या रचनेत आरंभी एक ‘आरिया’, मग तीस व्हेरिएशन्स आणि शेवटी पुन्हा तीच आरिया आहे. व्हेरिएशन म्हणजे रागाची बढत नव्हे; प्रत्येक खंड पूर्वलिखित आणि स्वयंपूर्ण असतो. शिवाय येथे आरियाची वरची सुरावट पुन्हा येत नाही. तिच्या तळाशी असलेली खर्जाची रेषा आणि स्वरसंवादांचा क्रम तेवढा कायम राहतो.

चित्रपटाची बांधणी या तत्त्वावर उभी आहे. हॅम्बुर्गच्या हॉटेलात गूल्ड खोली आवरायला आलेल्या बाईला थांबवून आपली ध्वनिमुद्रिका ऐकवतो. महामार्गावरील खानावळीत तो भोवतालची संभाषणे एकाच वेळी वाहणाऱ्या स्वररेषांप्रमाणे ऐकतो. दुसऱ्या एका खंडात माणूसच नाही, केवळ पियानोच्या अंतर्भागातील हालचाल आहे. एक खंड त्याच्या औषधांचा, काही खंड त्याला ओळखणाऱ्यांच्या खऱ्या मुलाखतींचे. अभिनय, अनुबोधपट, चलचित्र अशी रूपे बदलत राहतात. या सर्वांखालची खर्जरेषा एकच आहे : ऐकणे आणि ऐकण्यासाठी पत्करलेले एकटेपण. म्हणूनच गूल्डची भूमिका करणारा कोल्म फिओर एकदाही पियानो वाजवताना दिसत नाही. मंच सोडलेल्या वादकाला चित्रपट पुन्हा मंचावर बसवत नाही. आरंभी बर्फाच्या विस्तारातून चालत येणारी त्याची आकृती शेवटी त्याच विस्तारात दूर जाते, आरिया परतते.

या घाटावर एक गंभीर आक्षेप संभवतो. तुकड्यांत सांगणे ही चरित्रकाराची पळवाट तर नव्हे? जे ठाऊक नाही ते दोन खंडांमधील पोकळीत सहज लपते. गूल्डच्या एका दीर्घ प्रेमसंबंधाचा तपशील २००७ मध्ये वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाला. चित्रपटात तो नाही. तरीही त्यामुळे चित्रपट खोटा ठरला नाही, कारण त्याने संपूर्णतेचा दावाच केला नव्हता. एका खंडात तर प्रश्नांमागून प्रश्न ऐकू येतात आणि उत्तरे येत नाहीत. अखंड कथन करणाऱ्या चरित्राला अज्ञात जागा अनुमानाने सांधाव्या लागतात. खंडित चरित्र त्या जागा उघड्या ठेवते. मात्र ही सूट सशर्त आहे. खंडांखालची रेषा भक्कम नसेल, तर उरतो तो केवळ किश्श्यांचा संग्रह.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या कृतीचे महत्त्व येथे आहे. माध्यमांतराचा विचार बहुधा कथानकापुरता होतो. जिरारने कथानक नव्हे, तर घाट एका कलेतून दुसरीत नेला. चरित्रनायकाच्या कलेतूनच चरित्राचे रूप घेता येते, ही शक्यता त्यामुळे सिद्ध झाली. चरित्राची सत्यता तपासताना तपशील खरे आहेत का, याबरोबरच घाट त्या व्यक्तीला साजेसा आहे का, हाही प्रश्न विचारणे आता अपरिहार्य ठरते.