टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब

'डाएट' म्हणून विकल्या जाणाऱ्या शीतपेयाच्या डब्यावर अगदी बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. फिनाइलकीटोन्युरिया असणाऱ्यांनी हे पेय घेऊ नये, असा तिचा आशय. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून घसरून पुढे जाते. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पार्टेममध्ये फिनाइलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल असते आणि जगातील काही माणसांच्या मेंदूला ते घातक ठरते, म्हणून ही सूचना. ही माणसे आज डब्यावरची ओळ वाचू शकतात, शाळा-महाविद्यालयांत शिकतात, नोकऱ्या करतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी त्यांच्यापैकी बहुतेकांच्या नशिबी अक्षरओळखही नव्हती. हा बदल घडविण्यात रॉबर्ट गथ्री या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचा वाटा फार मोठा आहे.

फिनाइलकीटोन्युरिया (पीकेयू) हा आनुवंशिक विकार. दूध, डाळी, मांस, अंडी अशा प्रथिनयुक्त अन्नातून येणाऱ्या फिनाइलअ‍ॅलॅनिनचे रूपांतर यकृतातील एक विकर टायरोसिनमध्ये करते. हे विकर तयार करणारे जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आले, तर हे रूपांतर होत नाही. आई-वडील स्वतः निरोगी असतात. त्यांना कशाचीच कल्पना नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक. मूल जन्मते तेव्हा ते इतर कोणत्याही मुलासारखेच दिसते, कारण गर्भात असताना आईचे शरीर त्याच्या वाटणीचे काम करीत असते. मग दूध सुरू होते, रक्तात फिनाइलअ‍ॅलॅनिन साठू लागते आणि वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होऊ लागतो. मूल बसायला, बोलायला उशीर करते, झटके येऊ लागतात. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत झालेली हानी भरून न येण्याजोगी असते.

या विकाराचा शोध एका आईच्या चिकाटीमुळे लागला. नॉर्वेतील एका बाईंची दोन मुले बौद्धिकदृष्ट्या मागे पडली होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास येत असे. अनेक डॉक्टरांनी वाटेला लावल्यावर त्या आसबियर्न फॉलिंग या वैद्य-रसायनशास्त्रज्ञाकडे गेल्या. १९३४ मध्ये फॉलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तेव्हा ती हिरवी झाली. त्यामागचे रसायन त्यांनी हुडकून काढले आणि संस्थांमध्ये ठेवलेल्या ४३० रुग्णांची तपासणी केली, तेव्हा आणखी आठ जण तसेच सापडले. कारण कळले, पण उपाय नव्हता. तो पुढे आला इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये. तेथे एका दोन वर्षांच्या मुलीची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून होर्स्ट बिकल या तरुण डॉक्टरला 'काही सापडले का' असे विचारीत असे. बिकल आणि सहकाऱ्यांनी कोळशाच्या भुकटीच्या साह्याने प्रथिनांच्या द्रावणातून फिनाइलअ‍ॅलॅनिन वेगळे काढले आणि ते अन्न त्या मुलीला दिले. ती शांत झाली, रांगू लागली. हा गुण आहाराचाच, याची खात्री करून घेण्यासाठी आईला न सांगता अन्नात पुन्हा फिनाइलअ‍ॅलॅनिन मिसळण्यात आले. काही तासांतच मुलगी रडू लागली, डोके आपटू लागली. आजच्या वैद्यकीय नीतिनियमांत असला प्रयोग बसणार नाही. पण १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनी एक गोष्ट सिद्ध केली: बौद्धिक अपंगत्वाचे निदान एका प्रकारात तरी आहारातून रोखता येणे शक्य होते.

अडचण एकच होती. आहार सुरू करायचा तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच करायला हवा, आणि लघवीची हिरवी चाचणी मात्र तेव्हा हमखास चुके. लघवीत ते रसायन उतरेपर्यंत रक्तातले प्रमाण कधीच वाढलेले असे. उपचार हाताशी होता, पण वेळेत निदान करण्याचा मार्ग नव्हता.

१९१६ मध्ये मिझुरी राज्यात जन्मलेले गथ्री त्या वेळी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात कर्करोग संशोधनात होते. त्यांचा मुलगा जॉन १९४७ मध्ये जन्मला. तो बौद्धिक अपंग होता. त्याचे कारण पीकेयू नव्हे. ते कारण कधी कळलेच नाही. मात्र मुलामुळे गथ्री अशा पालकांच्या संघटनेत ओढले गेले आणि तेथेच बफेलोच्या बालरुग्णालयातील डॉ. रॉबर्ट वॉर्नर यांच्याशी त्यांची गाठ पडली. आहारावर असलेल्या पीकेयूच्या मुलांच्या रक्तातील फिनाइलअ‍ॅलॅनिन मोजण्याची सोपी रीत वॉर्नर यांना हवी होती. प्रचलित पद्धत किचकट होती आणि तिला रक्तही पुष्कळ लागे. गथ्री यांना उत्तर जवळजवळ तयारच सुचले, कारण कर्करुग्णांच्या रक्तातील द्रव्ये जिवाणूंच्या साह्याने मोजण्याचे काम ते करीतच होते. याच सुमारास, १९५८ मध्ये, त्यांच्या पत्नीच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू असल्याचे निदान झाले. ती तेव्हा सव्वा वर्षाची होती. उशीर झालेला होता. तेव्हापासून रुग्णांवर देखरेख ठेवण्याचा मूळ प्रश्न गथ्री यांच्या लेखी मागे पडला आणि प्रत्येक नवजात बालकाची तपासणी कशी करता येईल, या प्रश्नाने त्यांना पछाडले. कर्करोगाचे काम सोडून ते बालरुग्णालयात दाखल झाले.

त्यांनी शोधलेली रीत समजायला सोपी आहे. बॅसिलस सबटिलिस या निरुपद्रवी जिवाणूची वाढ थांबविणारे एक रसायन अगार जेलीत मिसळायचे. हे रसायन दिसायला फिनाइलअ‍ॅलॅनिनसारखेच असते, त्यामुळे जिवाणू फसतो आणि वाढत नाही. पण जेलीवर खऱ्या फिनाइलअ‍ॅलॅनिनचा पुरेसा साठा ठेवला, तर त्या रसायनाचा प्रभाव ओसरतो आणि जिवाणू वाढू लागतो. बाळाच्या टाचेला टोचून निघालेले रक्ताचे थेंब टिपकागदावर घ्यायचे, वाळू द्यायचे, कागदाची बारीक चकती कापून जेलीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती ढगासारखे वलय दिसले, तर बाळाच्या रक्तात फिनाइलअ‍ॅलॅनिन जास्त. वलय जितके मोठे, तितके प्रमाण अधिक. एकाच ताटलीत अनेक बाळांच्या चकत्या मावत. खर्च नाममात्र.

यातील जिवाणूची युक्ती शास्त्रज्ञांना आवडली, पण खरी क्रांती त्या टिपकागदाने केली, असे म्हणावे लागेल. नळीतले रक्त जपावे लागते, सांडते, खराब होते. वाळलेला ठिपका साध्या पाकिटात घालून टपालाने पाठविता येतो. खेड्यातल्या प्रसूतिगृहातील परिचारिका ते करू शकते आणि शेकडो मैलांवरची एकच प्रयोगशाळा सबंध राज्य सांभाळू शकते.

१९६१ पासून दोन वर्षांत अमेरिकेतील २९ राज्यांत सुमारे ४ लाख बालके तपासण्यात आली आणि त्यांत पीकेयूची ३९ बाळे सापडली. सहकारी एडा सुसी यांच्यासह गथ्री यांचा मूळ शोधनिबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने ही तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि पालक संघटनांच्या रेट्यामुळे इतर राज्यांनीही तिचे अनुकरण केले. अनेक डॉक्टरांना मात्र हे रुचले नाही. वैद्यकीय निर्णय विधिमंडळांनी का घ्यावेत, असा त्यांचा सवाल होता. दरम्यान चाचणीच्या उत्पादनाचे हक्क मिळालेल्या एका कंपनीने जो संच गथ्री सहा डॉलरांत बनवीत होते, त्याची किंमत २६२ डॉलर ठरविली. गथ्री संतापले, प्रकरण सरकारदरबारी गेले आणि कंपनीचा एकाधिकार मोडला. चाचणीपासून त्यांनी स्वतःसाठी स्वामित्वधन घेतले नाही.

डॉक्टरांच्या शंका अगदीच निराधार नव्हत्या. रक्तातील प्रमाण थोडेसे वाढलेल्या, पण पीकेयू नसलेल्या काही बाळांनाही सुरुवातीच्या उत्साहात कडक आहारावर ठेवण्यात आले. शरीराला थोडे फिनाइलअ‍ॅलॅनिन लागतेच, त्यामुळे अतिरेकी पथ्याचाही अपाय होई. मेंदूची वाढ झाली की आहार सोडायला हरकत नाही, असे समजून पाच-सहा वर्षांच्या वयात पथ्य बंद केले जाई. पुढे लक्ष एकाग्र करण्यात, शिकण्यात अडचणी दिसू लागल्या आणि पथ्य जन्मभराचे असल्याचे मान्य झाले. सर्वांत क्रूर धक्का पुढच्या पिढीत बसला. चाचणीमुळे वाचलेल्या मुली मोठ्या झाल्या, पथ्य सुटलेले असताना गरोदर राहिल्या आणि त्यांच्या रक्तातील फिनाइलअ‍ॅलॅनिनने गर्भाच्या मेंदूला व हृदयाला इजा केली. स्वतः निरोगी राहिलेल्या आईच्या पोटी, विकार नसलेले बाळ अपंग जन्मत होते. अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीच पुन्हा कडक आहार सुरू करावा, हा आजचा सल्ला त्या अनुभवातून आला आहे.

गथ्री यांनी इतर चयापचय विकारांसाठीही अशाच चाचण्या तयार केल्या. नंतरच्या काळात जुन्या घरांच्या रंगातील शिशामुळे मुलांच्या बुद्धीला होणाऱ्या अपायाविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली. तेथेही वाळलेल्या ठिपक्याचाच आधार घेतला. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच दशकात टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्री हे तंत्र आले आणि जिवाणूंच्या ताटल्या हळूहळू इतिहासजमा झाल्या. एका ठिपक्यातून आता डझनावारी विकार एकदम तपासता येतात. कागद मात्र तोच राहिला. या ठिपक्यांचे पुढे काय करायचे, हा नवा वादही त्यातूनच उभा राहिला: पालकांना न विचारता साठविलेले लक्षावधी नमुने टेक्सासला न्यायालयीन दाव्यानंतर नष्ट करावे लागले.

भारतात पीकेयू तुलनेने विरळ मानला जातो. पण त्याच कागदावर तपासता येणारा जन्मजात थायरॉइड-न्यूनतेचा विकार आपल्याकडे विरळ नाही. साधारण हजार-दीड हजार जन्मांमागे एक बाळ. जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची स्वस्त गोळी सुरू झाली, तर ते मूल इतरांबरोबर शाळेत जाते. काही महिने उशीर झाला, तर बुद्धीची हानी पदरी येते. गोवा सरकारने २००८ मध्ये नवजात बालकांच्या रक्ततपासणीचा कार्यक्रम सुरू केला होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे. तथापि प्रत्येक प्रसूतिगृहात प्रत्येक बाळाची टाच टोचली जाईल, अशी देशव्यापी सक्ती नाही. शहरांतील अनेक खासगी रुग्णालयांत ही तपासणी होते, तीही बहुधा पालकांच्या खर्चाने. जन्मानंतर दोन दिवसांनी, आई-बाळ घरी जाण्यापूर्वी ती करून घेणे योग्य. नमुना फार लवकर घेतला, तर थायरॉइडचे आकडे उगाच वाढलेले दिसतात आणि पीकेयूचे वाढायला वेळच मिळालेला नसतो.