अल्पवयीन मुलगी गर्भवती असता आईबापांनी काय करावे

आजचा विषय व्यासपीठावर सहसा येत नाही. तो निघतो स्वयंपाकघरात, रात्री, दार लावून, दबक्या आवाजात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीस दिवस गेले आहेत हे आईच्या ध्यानात येते, आणि पहिला प्रश्न मुलीविषयी नसतो. चारचौघे काय म्हणतील हा असतो. आम्ही या आईबापांस दोष देत नाही. भय खरेच आहे. पण त्या भयात जे दिवस जातात त्यांची किंमत पोरीला मोजावी लागते.

अडचण आजची नव्हे. १८६३ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते घराने दार लावलेल्या विधवांसाठी. तेथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत डॉक्टर झाला. आईबापांनी जे करावयाचे ते परक्यांना करावे लागले, हे आम्हांस त्या हकिकतीत बोचते.

आता दिवसांचा हिशेब. गर्भाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. दुसरी पाळी चुकली म्हणजे आठ आठवडे होऊनच गेलेले असतात. या वयात पाळी अनियमित असते, म्हणून पुष्कळदा चौथा महिना लागेपर्यंत कोणास कळत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. त्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत दोघांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे बहुधा उच्च न्यायालयात जावे लागते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते. पण पालकाची सही म्हणजे मुलीची इच्छा नव्हे. तिला विचारावे, आणि ती काय म्हणते ते पुरते ऐकून घ्यावे.

पुष्कळ घरे दवाखान्याची पायरी चढत नाहीत ती पोलिसांच्या धाकाने. २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये डॉक्टरांस कळवावे लागते, हे खरे. परंतु मुलीच्या संमतीने घडलेल्या प्रकरणात ती व पालक विनंती करतील तर तिचे नाव उघड करण्याची डॉक्टरांवर सक्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटले. ही गोष्ट ठाऊक नसल्याने कुणा भोंदूच्या काढ्याची वाट धरली जाते, आणि त्यात पोरी जिवास मुकतात. जेथे जबरदस्ती झाली असेल तेथे मात्र गप्प बसणे म्हणजे त्या माणसास मोकळे सोडणे होय. तो घरातलाच असला तरीही. किंबहुना तेव्हा अधिकच.

"लग्न लावून टाकू" हा सल्ला देणारे नातलग फार. तो सल्ला बेकायदा आहे. २००६ च्या कायद्याने अठराखालील मुलीचा विवाह लावणे गुन्हा. आणि २०१७ च्या निकालानंतर अशा पत्नीशी नवऱ्याचा संबंधही बलात्कारच ठरतो. म्हणजे एका संकटावर दुसरे.

मूल ठेवावयाचे ठरले तर तपासणी चुकवू नये. कोवळ्या वयात रक्तक्षय व रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका अधिक असतो. विदर्भात सिकल सेलचा आजार पुष्कळ, तेव्हा ती तपासणी आवर्जून मागावी. आजार असल्यास बाळंतपण जोखमीचे होते. नागपुरात डागा, मेयो आणि मेडिकल ही सरकारी रुग्णालये आहेत. बरोबर आईने जावे, आणि बापानेही. बाप गप्प राहिला की मुलीस तो निकालच वाटतो.

मूल सांभाळणे शक्य नसेल तर ते उकिरड्यावर टाकण्याची गरज नाही. बाल कल्याण समितीपुढे ते रीतसर सोपविता येते, आणि २०१५ च्या कायद्याने फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत दिली आहे. वाट समजत नसेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. तो फोन मुलगी स्वतःही करू शकते.