मुठेचा आकार कशासाठी मोजायचा?

सदाशिव पेठेतून अलका चौक ओलांडून लकडी पुलावर जा आणि जरा थांबून खाली बघा. पाणी किती आहे, काळं आहे का, वास येतोय का, हे आपण लगेच टिपतो. आता एक वेगळा प्रश्न विचारा: या पात्रात किती प्रकारच्या जागा आहेत? कुठे डोह, कुठे उथळ धार, कुठे बेसाल्टचा उघडा खडक, कुठे गाळाचा पट्टा? याला भूरूपशास्त्रात नदीचं भूरूपवैविध्य म्हणतात.

ते मोजायचं, कारण यातली प्रत्येक जागा नदीचं काही ना काही काम करते. खडकाळ उथळ भागात पाणी खळाळतं, त्यात हवा मिसळते आणि ऑक्सिजन वाढतो. उन्हाळ्यात धार बारीक झाली की मासे डोहात तग धरतात. काठावरची झाडं माती धरून ठेवतात. आणि पूरमैदान, म्हणजे नदीलगतची सखल जमीन, जादा पाणी काही काळ स्वतःकडे ठेवते.

आता समजा, आपण हेच पात्र सरळ, एकसारख्या रुंदीचं आणि दोन्हीकडून बांध घातलेलं केलं. गुळगुळीत पात्रात पाणी वेगानं धावतं, त्यामुळे तेवढ्या भागात पूर लवकर ओसरेलही. पण पूरमैदान तुटल्यानं पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि लोंढा खालच्या वस्तीवर जाऊन आदळतो. पात्र अरुंद केलं असेल, तर वरच्या बाजूला फुगवटा येतो तो वेगळाच.

मग नियोजनात याचा उपयोग कसा करायचा? गॅरी ब्रायर्ली आणि कर्स्टी फ्रायर्स यांनी ऑस्ट्रेलियात ‘रिव्हर स्टाइल्स’ नावाची पद्धत विकसित केली. त्यावरचं त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. तिच्या पायऱ्या चार. आधी नदीचे तिच्या आकार आणि वागण्यानुसार टप्पे पाडायचे. मग प्रत्येक टप्प्याची आजची अवस्था तपासायची. तिसरी पायरी म्हणजे तो टप्पा स्वतःहून किती सावरू शकेल याचा अंदाज. आणि शेवटी काम कुठे आधी करायचं ते ठरवायचं. साधारण नियम असा, की जे चांगलं उरलंय ते आधी जपा. बिघडलेलं दुरुस्त करणं नेहमीच महाग पडतं.

पुण्यात हे लावून बघू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांमुळे मुठेचं पाणी आणि गाळ दोन्ही अडतात. म्हणजे शहरातली मुठा पूर्वीसारखी वागणार नाही, हे गृहीत धरावं लागतं. संगमाच्या खाली येरवड्याजवळ, डॉ. सलीम अलींच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पक्षी अभयारण्याच्या पट्ट्यात, झाडी आणि ओलसर काठ अजून आहे. हा जपायचा टप्पा. याउलट सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी २५ जुलै २०२४ ला पाण्याखाली गेली. तिथे पहिला प्रश्न पुराला जागा कुठे द्यायची हा. दोन्हीकडे एकच उपाय चालणार नाही.

महापालिकेच्या नदीकाठ सुधार योजनेत मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे ४४ किलोमीटरचा पट्टा येतो. एवढ्या लांबीत नदी अनेकदा रूप बदलते. त्यामुळे आराखड्यात काठाचं चित्र दिसलं, की हे तीन प्रश्न जरूर विचारा: या टप्प्यात आज कोणती भूरूपं आहेत? काम झाल्यावर त्यातली किती उरतील? आणि जी जातील, त्यांचं काम कोण करणार?