एका पराभवात हंगाम संपू नये

● संतोष करंडक : राज्य संघांची ही राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९४१ पासून खेळली जाते. महाराष्ट्राचे शेवटचे विजेतेपद १९९९-२००० च्या हंगामातले.

● वरच्या पातळीवर : संतोष करंडकाच्या २०२४-२५ च्या अंतिम फेरीत १२ संघ होते. सहा-सहांच्या दोन गटांत साखळी सामने, म्हणजे प्रत्येकाला किमान पाच संधी. दोन्ही गटांतले पहिले चार संघ उपांत्यपूर्व फेरीत गेले.

● शाळेची वाट : १९६० मध्ये सुरू झालेल्या सुब्रतो करंडक या शालेय फुटबॉल स्पर्धेसाठी चंद्रपूर, गडचिरोलीच्या शाळांना जिल्हा, नागपूर विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. खाली बहुधा बाद पद्धत असते. हरला की घरी.

● अंतर आणि पाऊस : सिरोंचा ते गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. पावसाळ्यात स्पर्धा ठेवली तर दुर्गम भागातले संघ मैदानापर्यंत पोहोचणेच अवघड.

● काय बदलावे?
– चार संघांचा साखळी गट करावा. सहाच सामन्यांत प्रत्येक संघ तीनदा खेळतो.
– दक्षिण गडचिरोलीची पहिली फेरी अहेरीत, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा, कोरपना, जिवतीची राजुऱ्यात घ्यावी.
– वेळापत्रक पावसाळ्यानंतरचे असावे.
– मुलींच्या स्पर्धेलाही हेच स्वरूप द्यावे.

एवढ्या लांबून आलेल्या मुलांना निदान तीन सामने मिळालेच पाहिजेत. निवड समितीलाही खेळाडू त्याशिवाय नीट पारखता येणार नाही.