जळालेल्या बोर्डाचा माग

गाडीच्या अँप्लिफायरचा बोर्ड उघडला की नजर आधी काळ्या पडलेल्या जागेवर जाते. तिथला मॉसफेट काढून नवा बसवला, बॅटरी जोडली, की पुष्कळदा नवाही तत्क्षणी उडतो. मग ‘बोर्ड गेला, नवा घ्या’ असा निकाल लागतो. माझं म्हणणं असं, की अशा वेळी बहुधा बोर्ड गेलेला नसतो, तपासाचा क्रम चुकलेला असतो.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. तेवढ्यावर ४ ओहमच्या स्पीकरला, ब्रिज जोडणी करूनही, हिशेबाने जेमतेम २६ वॉट स्वच्छ आवाज मिळतो. म्हणून मोठ्या अँप्लिफायरमध्ये व्होल्टेज वाढवणारा सप्लाय असतो. मॉसफेटचे दोन गट आळीपाळीने चालू-बंद होतात, गोल कड्यासारखा ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज चढवतो आणि डायोडांनंतर अधिक-उणे २५ ते ३५ व्होल्ट तयार होतात. मॉसफेटना ताल देणारी आयसी असंख्य बोर्डांवर एकच सापडते: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल ४९४, किंवा तिच्या जागी जशीच्या तशी बसणारी केए ७५००. त्यामुळे सर्किटचा नकाशा हाती नसला तरी काम अडत नाही. तरीही तो मिळायलाच हवा. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनं आणि त्यांची उपकरणंही धरली आहेत. नकाशाशिवाय त्या हक्काला अर्थ नाही.

आता माग काढू. डिकीत स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटतात, किंवा ४ ओहमच्या जागी कुणी २ ओहमचा भार जोडतो. आवाजाच्या बाजूचा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. सगळा भार सप्लायवर येतो, मॉसफेट जळतात, फ्यूज उडतो. काळा डाग एका टोकाला आणि दुखणं दुसऱ्या टोकाला.

म्हणून वीज न देता मल्टिमीटर डायोड-चाचणीवर ठेवून आधी आउटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. दोन पायांत शून्याजवळ आकडा आला तर संशय पक्का, पण निकाल नव्हे. ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले असतात, एक मेला की शेजारचेही मेलेले दिसतात. सुटा काढून मोजल्यावरच खरं काय ते कळतं. मॉसफेट मात्र एकटा बदलू नये, सगळा गट एकाच क्रमांकाचा घ्यावा. गेटचे रेझिस्टर आणि त्यांना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टरही तपासावेत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, भाग विश्वासाच्या दुकानातूनच घ्यावेत. गाजलेल्या क्रमांकांचे नकली ट्रान्झिस्टर बाजारात फार आहेत.

त्यानंतर डायोड सोडवून आवाजाची बाजू वेगळी करावी आणि सप्लाय एकटा चालवावा. बॅटरीच्या तारेत हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब ओळीत टाकावा. त्यातून साडेचार अँपियरच्या आसपासच प्रवाह जातो, त्यामुळे शॉर्ट उरला असेल तर बल्ब पेटतो आणि मॉसफेट बहुधा वाचतात. चाचणीपुरतेसुद्धा ते अभ्रकाच्या पट्टीसह हीटसिंकला घट्ट आवळलेले हवेत.

रिमोटच्या तारेला १२ व्होल्ट देऊनही सप्लाय उठला नाही, तर आयसीच्या १२ क्रमांकाच्या पायावर वीज आणि १४ वर ५ व्होल्ट पाहावेत. दोन्ही असूनही ठोके नसतील तर पाय क्रमांक ४ मोजावा. तिथे ३ व्होल्टच्या वर असेल तर आयसी निर्दोष आहे, संरक्षण सर्किट तिला मुद्दाम थांबवतंय. इथेच अनेक कारागीर चांगली आयसी काढून टाकतात, याचं मला वाईट वाटतं.

गाडीच्या हादऱ्यांनी जोडपट्टीजवळचं सोल्डर तडकतं, भिंगातून पाहून ते नव्याने भरावं. कोळसा झालेला बोर्डाचा भाग खरवडून काढावा, कारण कोळशातून वीज वाहते. डायोड परत बसवण्याआधी मोठे कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करावेत. मग, स्पीकर न जोडता, आउटपुटवर डीसी मोजावा. तो काही दशक मिलिव्होल्टांतच असेल तर एखादा स्वस्तातला स्पीकर लावून, बल्ब ओळीत ठेवूनच, हलक्या आवाजात गाणं सुरू करावं.